शेजारचा गाळा घ्यावा का?

वसई पूर्वेच्या वालीव, गोखिवरे, सातिवली पट्ट्यातल्या छोट्या कारखानदारापुढे वाढीचा प्रश्न बहुधा एकाच रूपात उभा राहतो: शेजारचा गाळा रिकामा होतो. मधली भिंत पाडली की जागा दुप्पट. इस्टेटचा वॉचमन बातमी देतो, दोन दिवसांत दलालाचा फोन येतो, बँकेचा माणूस प्रोजेक्ट रिपोर्ट मागतो आणि घरचे म्हणतात, अशी संधी पुन्हा येणार नाही. त्या आठवड्यात जे ठरते ते पुढची अनेक वर्षे निस्तरावे लागते. तरीही आपल्याकडे त्याचा विचार हिमतीच्या भाषेत होतो. गाळा घेतला तो धाडसी, सोडला तो घाबरट. मला हे मोजमापच चुकीचे वाटते. लहान धंद्याला तीन गोष्टी फुकट मिळत असतात: मालकाची स्वतःची जागा, मालकाचे स्वतःचे पैसे आणि मालकाची स्वतःची नजर. धंदा वाढवला की या तिन्ही विकत घ्याव्या लागतात. त्या विकत घेऊन काही उरते का, हा खरा प्रश्न आहे. उरत नसेल तर लहान राहणे हाच योग्य निर्णय आहे, आणि तो ताठ मानेने घेता आला पाहिजे.

लहान राहणारे अपवाद नाहीत, हे आधी लक्षात घेऊ. शेती आणि बांधकाम वगळून देशातल्या असंघटित उद्योगांची जी सरकारी पाहणी होते, तिच्या 2023-24 च्या फेरीत असे 7.34 कोटी उद्योग आणि त्यांत काम करणारी 12.06 कोटी माणसे आढळली. म्हणजे एका उद्योगात सरासरी दोन माणसेही नाहीत. हे केवळ गरीब देशाचे लक्षण म्हणून सोडून देता येत नाही. एरिक हर्स्ट आणि बेंजामिन पग्जली या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या छोट्या व्यावसायिकांचा अभ्यास मांडला. बहुसंख्य मालकांना धंदा सुरू करतानाच तो फार मोठा करायचा नसतो, असे त्यांना दिसले. स्वतःचा मालक असणे, वेळ आपल्या हातात असणे, हेही त्यांच्या दृष्टीने उत्पन्नच होते. फरक इतकाच की ठरवून लहान राहणे वेगळे आणि हिशेब न करता लहान राहून जाणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराची वकिली मला करायची नाही.

म्हणून हिशेबच मांडू. आकडे समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत; ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. समजा, प्रेसवर पत्र्याचे सुटे भाग काढणारा एक गाळा आहे. महिन्याची विक्री 10 लाख, वर्षाची 1 कोटी 20 लाख. त्यात 60 टक्के खर्च कच्च्या मालाचा. मजुरी, वीज, वाहतूक जाऊन शंभर रुपयांमागे 8 रुपये उरतात, म्हणजे वर्षाला 9 लाख 60 हजार. गाळा स्वतःचा, पैसा स्वतःचा, देखरेख स्वतःची. पार्टीचे पेमेंट 90 दिवसांनी येते, म्हणजे 30 लाख कायम बाहेर. पत्र्याचा व्यापारी एक महिना थांबतो, म्हणजे 6 लाख त्याचे. उरलेले 24 लाख मालकाचे अडकलेले. आता शेजारचा गाळा घेऊन विक्री दुप्पट केली. वरकड नफा आणखी 9 लाख 60 हजार झाला, हे खरे. पण आणखी 24 लाख अडकणार आणि ते आता बँकेकडून सीसीवर, म्हणजे कॅश क्रेडिटवर, आणावे लागणार. 12 टक्क्यांनी वर्षाचे व्याज 2 लाख 88 हजार. नव्या गाळ्याचे भाडे महिना 30 हजार धरले तर 3 लाख 60 हजार. दोन्हीकडे एकाच वेळी लक्ष ठेवता येत नाही, म्हणून सुपरवायझर आला. महिना 35 हजार, वर्षाचे 4 लाख 20 हजार. बेरीज 10 लाख 68 हजार. धंदा दुप्पट झाला आणि मालकाच्या हातात आधीपेक्षा 1 लाख 8 हजार रुपये कमी आले. नव्या मशीनचा हप्ता यात धरलेलाच नाही. शिवाय जोडलेला वीजभार 20 किलोवॉटच्या वर गेला की महावितरणच्या लघुदाब औद्योगिक दराचा गट बदलतो आणि स्थिर आकार वेगळ्या हिशेबाने लागतो. तो आकडा अर्ज करण्याआधीच काढून ठेवलेला बरा.

मात्र याच हिशेबात एक आकडा हलवला तर उत्तर उलटते. दुप्पट माल घेतो म्हणून पत्र्याचा व्यापारी 3 टक्के दर कमी करायला तयार झाला, असे समजा. वर्षाला 1 कोटी 44 लाखांच्या खरेदीवर 4 लाख 32 हजार वाचले. तोटा भरून निघाला आणि वर 3 लाख 24 हजार उरले. म्हणजे खरेदीत, मशीनच्या वापरात किंवा वाहतुकीत आकाराचा फायदा जिथे खरोखर मिळतो, तिथे वाढावेच. पुठ्ठ्याचे खोके, प्लास्टिकची साधी झाकणे, बाजारभावाने विकले जाणारे सुटे भाग अशा मालात ग्राहक पैशापैशासाठी पुरवठादार बदलतो. तिथे लहान राहणे म्हणजे मरण पुढे ढकलणे. जो माल कोणीही करू शकतो तो सर्वांत स्वस्त करणाराच टिकतो, आणि स्वस्त करायला बहुधा आकार लागतो.

दुसरा आकडा हलवून पाहा, उधारीचा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असे 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो. आर्थिक वर्ष 2023-24 पासून त्याला आयकराचे दात आले: मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. आपल्या कारखानदाराचे पेमेंट 90 ऐवजी 45 दिवसांत आले, तर बाहेर 30 लाखांऐवजी 15 लाख राहतात. व्यापाऱ्याचे 6 लाख वजा जाता अडकतात ते फक्त 9 लाख. जुन्या धंद्यातूनच 15 लाख मोकळे होतात आणि दुप्पट विक्रीला लागतात जास्तीचे 9 लाख. बँकेची पायरी चढावीच लागत नाही. वाढीसाठी जे भांडवल शोधायचे ते अनेकदा पार्टीकडेच पडून असते, असा याचा अर्थ. मोठी पार्टी दुसरीकडे जाईल या भीतीने छोटा कारखानदार मुदतीचे नाव काढत नाही, हे मला माहीत आहे. ती भीती खरी आहे. पण ज्या पार्टीकडे वेळेवर पैसे मागता येत नाहीत, तिच्याच भरवशावर दुसरा गाळा घेणे हे त्याहून भीतिदायक आहे.

आता नजरेचा भाग. तीन फुकट गोष्टींत सर्वांत महाग तोच. याचा सर्वांत चांगला पुरावा पालघर जिल्ह्याच्या अंगणातच मिळाला. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव इथल्या कापड गिरण्यांत एक प्रयोग केला. त्याचा निबंध 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. काही गिरण्यांना काही महिने तज्ज्ञ सल्लागार मोफत दिले. त्यांनी नवी मशीन आणली नाहीत. कापडात दोष कुठे आणि का आला याची रोज नोंद, सुताचा साठा मोजून रचून ठेवणे, मशीनची ठरल्या वेळी देखभाल, जमिनीवरचा पसारा आवरणे, अशी कामे लावून दिली. पहिल्याच वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. अभ्यासकांना आणखी एक गोष्ट दिसली. गिरणीचा आकार ती किती चांगली चालते यापेक्षा मालकाच्या घरात किती पुरुष माणसे आहेत यावर जास्त ठरत होता. भाऊ तीन तर युनिटे तीन. बाहेरच्या माणसाच्या हाती किल्ल्या द्यायच्या नाहीत, म्हणून घरची माणसे संपली की वाढही थांबे. घरातल्या मुली आणि सुना हिशेबात नव्हत्याच. हे त्या धंद्यांचे निखळ नुकसान होते.

या प्रयोगातून छोट्या कारखानदाराला दोन गोष्टी घेता येतात. एक, भिंत पाडण्याआधी चार भिंतींच्या आत काय सांडते आहे ते पाहावे. रिजेक्शनची वही नाही, डाय बदलायला तास की तीन तास लागतात याची नोंद नाही, रॅकवर कोणता माल वर्षभर पडून आहे ते कोणाला ठाऊक नाही, अशा गाळ्याला दुसरा गाळा जोडला की तोच गोंधळ दुप्पट जागेत पसरतो. दुसरी गोष्ट, नजर काही प्रमाणात कागदावर उतरवता येते. जे मालकाच्या डोक्यात आहे ते वहीत आले, तर सुपरवायझर चालतो. नाहीतर तो फक्त पगार घेणारा साक्षीदार ठरतो. सहा महिने वह्या नीट ठेवून पाहाव्यात आणि मग शेजारच्या गाळ्याचा विचार करावा, इतकी साधी कसोटी मी सुचवेन. त्या सहा महिन्यांत गाळा दुसऱ्याने घेतला तर घेऊ द्यावा.

वसईच्या बाबतीत लहान राहण्याला एक जास्तीचे बळ आहे आणि ते पुस्तकी हिशेबात सहसा येत नाही. रोनाल्ड कोस यांनी 1937 मध्ये प्रश्न विचारला होता की धंदा मुळात वाढतो तरी का. त्यांचे उत्तर असे: एखादे काम बाहेरून करून घेण्याचा खर्च आणि त्रास घरात करण्यापेक्षा जास्त असेल, तर धंदा ते काम आत ओढतो; उलट असेल तर बाहेरच ठेवतो. म्हणजे धंद्याचा आकार आजूबाजूला काय उपलब्ध आहे यावरही ठरतो. आल्फ्रेड मार्शल यांनी त्याच्याही आधी, 1890 मध्ये, एका जागी जमलेल्या छोट्या उद्योगांना एकमेकांमुळे मोठ्या कारखान्याचे फायदे कसे मिळतात ते मांडले होते. वसई पूर्वेच्या कोणत्याही गल्लीत हे पाहायला मिळते. एकीकडे लेथ, पलीकडे डाय बनवणारा, मागच्या इस्टेटीत पावडर कोटिंग, रस्त्यापलीकडे प्लेटिंग. सकाळी छोटा हत्ती भरून कच्चे भाग चलनावर जॉबवर्कला जातात आणि रंगून परत येतात. स्वतःचे कोटिंगचे युनिट टाकायचे तर भट्टी, परवाने, माणसे आणि रोजचे काम हवे. बाहेर दिले तर जेवढे नग तेवढेच पैसे. अशा ठिकाणी दहा माणसांचा गाळा एकटा दहा माणसांचा नसतो. म्हणूनच हाच कारखानदार एखाद्या आडगावी स्वस्त जागा घेऊन गेला, तर त्याला मोठे व्हावेच लागेल. वसईत तसे नाही.

याला एक स्थानिक पुस्तीही जोडायला हवी. जुलै 2018 च्या पावसात वसई-विरार दिवसेंदिवस पाण्यात होते, वीज नव्हती, रेल्वे ठप्प होती. ज्या शहराचा निचरा असा आहे तिथे तळमजल्यावर दुप्पट मशीन आणि दुप्पट माल ठेवणे म्हणजे दुप्पट जोखीम एकाच उंबरठ्यावर ठेवणे. वाढायचेच असेल तर ते शेजारीच हवे असे नाही. विमा, पोटमाळा, जमिनीपासून मशीनच्या मोटारची उंची, हे विषय भाड्याइतकेच महत्त्वाचे आहेत.

आतापर्यंत कारखान्याचे बोललो. पश्चिमेच्या वाड्यांत लहान असण्याचे दुसरेच रूप आहे. वसईची सुकेळी घ्या. राजेळी केळी पिकवायची, सोलायची आणि आठवडाभर उन्हात वाळवायची; रोज उलटायची, संध्याकाळी दव पडायच्या आत झाकायची किंवा उचलायची. केळे फार पिकले तर ते हाताला लागते, कच्चे राहिले तर वाळून चामड होते. ही पारख बोटांना असते. पावसाळ्यात हे काम बंद. इथे धंद्याला बांध घातला आहे तो उन्हाने, राजेळीच्या बागांनी आणि पारखी हातांनी. भांडवल ओतून यांतले काहीच लवकर वाढत नाही. सोनचाफ्याचेही तसेच. पहाटे खुडलेली फुले पहिल्या गाड्यांनी दादरला पोहोचतात तोवरच त्यांना भाव. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी महाराष्ट्रात थट्टेचा विषय झाली आहे. पण ग्राहक ज्या गोष्टीसाठी जास्त पैसे मोजतो ती गोष्टच आकाराबरोबर नाहीशी होत असेल, तर त्या पाटीत व्यवहार आहे. ग्राहक कशासाठी पैसे देतो हे ओळखणे हीच इथली खरी कसोटी.

आणि तरीही सुकेळी माझ्या म्हणण्याविरुद्धचा पुरावाही देतात. आज ती करणारी कुटुंबे मोजकी उरली आहेत. वाड्यांच्या जमिनींना इमारतींचा भाव आला, काम कष्टाचे, नव्या पिढीने नोकरी धरली. प्रत्येक घर आपापले लहान राहिले, आणि लहान राहता राहता धंदाच आटला. म्हणजे लहान राहण्याने धंदा आपोआप टिकत नाही. चांगला भाव मिळवून देणारी वेष्टने, सामायिक विक्री, पुढच्या माणसाला शिकवण्याची सोय, हे एका घराच्या आवाक्याबाहेरचे असते. त्याचा विचार कोणीतरी एकत्र करावा लागतो.

सर्वांत मोठा आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. चँग-ताई शे आणि पीटर क्लेनो यांनी 2014 मध्ये दाखवले की अमेरिकेतला चाळीस वर्षे टिकलेला कारखाना नव्या कारखान्याच्या सातपटीहून अधिक माणसे कामाला ठेवतो. भारतात आणि मेक्सिकोत ही वाढ जेमतेम दुप्पट. आपल्या 2018-19 च्या आर्थिक पाहणीने दहा वर्षे उलटूनही शंभरपेक्षा कमी कामगार असलेल्या उद्योगांना ‘खुजे’ म्हटले. संघटित उत्पादन क्षेत्रात संख्येने ते निम्म्याहून जास्त, रोजगारात वाटा मात्र सुमारे 14 टक्के आणि मूल्यवर्धनात 8 टक्क्यांच्या आत. देश अशाने श्रीमंत होत नाही, असा त्याचा निष्कर्ष. यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. लहान राहण्याला सरकारने बक्षीस देऊ नये. 1967 पासून काही वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव होत्या. ती यादी आठशेच्या पुढे गेली आणि 2015 मध्ये शेवटच्या वीस वस्तूही मोकळ्या झाल्या. त्या राखीवपणाने अनेक बरे कारखाने मुद्दाम लहान ठेवले. पण देशाची सरासरी हा एका गाळ्याला दिलेला सल्ला नव्हे. वरच्या हिशेबात तोटा दिसत असताना राष्ट्रहितासाठी कोणी भिंत पाडू नये. त्याने देशाची उत्पादकता वाढत नाही, फक्त एक थकीत खाते वाढते. तारापूरच्या प्रयोगाचे 17 टक्के मला म्हणूनच मोलाचे वाटतात. आकार तोच ठेवून उत्पादकता वाढू शकते.

दुसरा आक्षेप कामगाराच्या बाजूचा, आणि मला तो जास्त बोचतो. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा वीस कामगारांपासून लागू होतो, कर्मचारी राज्य विमा दहापासून. पटावर एकोणीसच नावे ठेवून बाकीची माणसे ठेकेदाराच्या नावावर दाखवायची, किंवा एकाच छताखाली दोन पाट्या लावायच्या, हे लहान राहणे नव्हे. कायदाही ते मानत नाही. एकाच आस्थापनेचे विभाग आणि शाखा निधीच्या कायद्यात एकत्रच धरतात. ज्याचा नफा कामगाराच्या निधीच्या 12 टक्क्यांवर आणि विम्याच्या सव्वातीन टक्क्यांवर उभा आहे, त्याचा हिशेब मुळातच तोट्याचा आहे. लहान धंदा प्रामाणिक आहे की नाही हे ओळखायची एक सोपी खूण आहे: विसावा माणूस घेताना मालक कचरतो का. खरे तर वीसच्या आत असतानाही मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वेच्छेने निधीत सामील होता येते. ज्या गाळ्याला कुशल वेल्डर आणि डायमेकर टिकवायचा आहे, त्याला हे परवडते. तो माणूस सोडून गेला तर डाय पुन्हा जमवण्यातच जास्त पैसे जातात.

तिसरी भीती अशी की आपण वाढलो नाही तर दुसरा वाढेल आणि आपल्याला गिळेल. कधीकधी तसे होते. पण छोटे गाळे बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण आपण विसरतो, ते म्हणजे एकाच पार्टीवर अवलंबून राहणे. आणि मोठे होण्याची घाई हेच अवलंबित्व वाढवते, कारण एकदम दुप्पट काम देणारी पार्टी बहुधा एकच असते. तिने उद्या खरेदी दुसरीकडे वळवली तर दोन गाळ्यांचे भाडे, सीसीचे व्याज आणि माणसे सगळे अंगावर. तेवढ्याच जागेत पार्ट्या चारच्या सात करणे हीसुद्धा वाढच आहे, फक्त ती रस्त्यावरून दिसत नाही.

लहान राहून मोठेपणाचे फायदे घेण्याचा रस्ता मराठी मुलखाला नवा नाही. 1959 मध्ये गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पीठ एका ठिकाणी मळले जाते, चव आणि नाव सामायिक राहते, लाटणे मात्र ज्या त्या भगिनीच्या घरी होते. आकाराने जिथे फायदा होतो ते एकत्र केले आणि जिथे हात लागतो ते लहानच ठेवले. वसईत 1918 साली बेसिन कॅथॉलिक सहकारी बँक उभी राहिली तीही याच समजुतीवर, की एकट्याला पत नसते, अनेकांना मिळून असते. आज वसई पूर्वेच्या गाळ्यांना हवी आहे ती मालाची तपासणी करणारी प्रयोगशाळा, सांडपाण्याची सामायिक व्यवस्था, एकत्र पत्रा खरेदी. केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास कार्यक्रमातून अशा सामायिक सुविधा केंद्रांना अनुदान मिळते. अट अशी की उद्योजकांनी एकत्र येऊन त्यासाठी स्वतंत्र संस्था स्थापायची. हे सोपे नाही. बाहेरच्यावर विश्वास नाही म्हणून घरची माणसे संपली की तारापूरच्या गिरण्यांची वाढ थांबत होती. इथे तर एकाच पार्टीसाठी भाव पाडणाऱ्या दोन शेजाऱ्यांनी एका कागदावर सही करायची आहे. ते जमले, तर वर मांडलेला 3 टक्क्यांचा खरेदीतला फायदा शेजारचा गाळा न घेताही हाती येतो.